घटक ५ : ‘यांच्यातील’ या शब्दाचा अर्थ – ‘चिझम विरुद्ध जॉर्जिया’ (१७९३) या खटल्याचा अर्थवैज्ञानिक अभ्यास

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शब्दार्थाचे प्रकार पाहिले. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि संदर्भार्थ यांतील भेद आपण मुख्यतः साहित्यकृतींतील उदाहरणांच्या आधारे समजून घेतला. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर आपण त्याला सौंदर्य म्हणतो. कायद्याच्या मजकुरात तसे झाले तर कोणाचे तरी पैसे बुडतात. या घटकात आपण असे एक उदाहरण अभ्यासणार आहोत. ते मराठीतील नाही, भारतातीलही नाही. अमेरिकेची राज्यघटना अमलात येऊन चार वर्षेही झाली नव्हती, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका व्यापाऱ्याच्या थकलेल्या देण्याचा दावा आला आणि त्याचा निकाल एका साध्या शब्दयोगी स्वरूपाच्या शब्दावर येऊन ठेपला.

मराठी भाषेच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतील खटला कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. संपर्कसत्रात हा घटक शिकवताना ती दरवर्षी विचारली जाते. एका वर्षी मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी बोलला. तो ताडपत्रीचा व्यापार करणारा होता. एका कार्यालयाला पुरवलेल्या मालाचे बिल तीन वर्षे अडकल्याचे सांगून तो म्हणाला, “सर, शिकवा तुम्ही. हा व्यापारी मला माहीत आहे.”

५.२ देणे कसे निर्माण झाले

इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचे ते दिवस होते. जॉर्जिया हे तेरा वसाहतींपैकी अगदी दक्षिणेकडील, लहान वस्तीचे राज्य. त्याच्या सैन्याला कपडालत्ता व इतर सामान हवे होते. १७७७ च्या ऑक्टोबर अखेरीस जॉर्जियाच्या कार्यकारी मंडळाने टॉमस स्टोन आणि एडवर्ड डेव्हिस या दोन प्रतिनिधींना खरेदीचे अधिकार दिले. त्यांनी शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनचा व्यापारी रॉबर्ट फार्क्वार याच्याकडून माल घेतला. किंमत ठरली १ लाख ६९ हजार डॉलरांहून थोडी अधिक. हे डॉलर युद्धकाळातील कागदी चलनाचे होते आणि त्यांचे मोल झपाट्याने घसरत होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही रक्कम मोठीच होती.

माल पोचला, पैसे पोचले नाहीत. जॉर्जियाचे म्हणणे असे होते की, राज्याने आपल्या प्रतिनिधींना रक्कम दिली होती. त्यांनी ती व्यापाऱ्याला दिली नाही, यात राज्याचा दोष नाही. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांनी सॅव्हाना शहर जिंकले आणि हिशेबाचा प्रश्न मागे पडला. १७८४ मध्ये फार्क्वार मरण पावला. मागे एक लहान मुलगी होती. तिच्या वतीने मृत्युपत्राचा व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम याने जॉर्जियाच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. १७९१ मध्ये त्याने जॉर्जियातील संघीय न्यायालयात दावा लावला; तोही निघाला नाही. अखेर १७९२ मध्ये त्याने थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा हे न्यायालय फिलाडेल्फियात भरत असे.

(‘चिझम’ या नावाच्या इंग्रजी लेखनात ‘ल’चे अक्षर आहे, पण उच्चारात ते येत नाही. जुन्या मराठी पुस्तकांत ‘चिशोल्म’ असे रूप आढळल्यास व्यक्ती वेगळी समजू नये.)

५.३ शब्द कोणता होता?

अमेरिकेच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात संघीय न्यायालयांचे अधिकार सांगितले आहेत. कोणकोणत्या वादांत ही न्यायालये निर्णय देऊ शकतात, याची ती यादी आहे. तिच्यात एक वर्ग असा : ‘एखादे राज्य आणि दुसऱ्या राज्याचे नागरिक यांच्यातील वाद’. चिझम साउथ कॅरोलायनाचा, प्रतिवादी जॉर्जिया. वाद सरळ या वर्गात बसतो, असे आपल्याला वाटेल. चिझमच्या वतीने उभे राहिलेल्या एडमंड रँडॉल्फ यांनाही तसेच वाटले. रँडॉल्फ तेव्हा संघसरकारचे महाअधिवक्ता होते. मात्र या खटल्यात ते खासगी वकील म्हणून उभे होते.

जॉर्जिया मात्र न्यायालयात आलेच नाही. त्याच्या वतीने जॅरेड इंगरसोल आणि अलेक्झांडर डॅलस यांनी एक लेखी निषेध सादर केला आणि युक्तिवाद करण्याचे नाकारले. कारण युक्तिवाद करणे म्हणजे न्यायालयाचा अधिकार मान्य करणे. राज्याची भूमिका अशी की, स्वतंत्र राज्याला त्याच्या संमतीविना कोणी खासगी माणूस न्यायालयात खेचू शकत नाही. मग घटनेतील त्या वाक्यांशाचे काय? राज्यांची बाजू घेणारे म्हणत : राज्याने नागरिकावर दावा लावला तर न्यायालयाने तो ऐकावा, एवढाच त्याचा अर्थ. राज्य वादी असू शकते, प्रतिवादी नव्हे. शिवाय वाक्यात ‘राज्य’ हे पद आधी आले आहे, ‘नागरिक’ नंतर. क्रमातूनच वादी कोण ते सूचित होते.

येथे क्षणभर थांबून मराठीकडे पाहू. ‘सासू-सुनेचे भांडण’ असे आपण म्हणतो. या समासावरून भांडण कोणी उकरून काढले हे कळते का? कळत नाही. सासू हे पद आधी आहे, म्हणून दोष तिचाच असे कोणी म्हणणार नाही (सुना म्हणतील, ती गोष्ट निराळी). ‘यांच्यातील’, ‘यांच्यामधील’, ‘दरम्यान’ अशा शब्दांनी व्यक्त होणाऱ्या संबंधाला अर्थविज्ञानात सममित संबंध म्हणतात. ‘गणू हा रामाचा शेजारी आहे’ हे खरे असेल, तर ‘रामा हा गणूचा शेजारी आहे’ हेही खरेच असते. ‘गणू हा रामाचा ऋणको आहे’ या वाक्याची अशी उलटापालट चालत नाही. तो संबंध असममित आहे. तेथे दिशा असते.

न्यायमूर्ती जॉन ब्लेअर यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातील वाद हा ‘ख’ आणि ‘क’ यांच्यातीलही वाद असतो, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. अर्थविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे असे ते आहे. पदांच्या क्रमाला त्यांनी महत्त्व दिले नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेतही द्वंद्व समासात अधिक पूज्य अर्थाचे पद आधी ठेवण्याचा संकेत नोंदलेला आहे. म्हणजे क्रम हा आदर दाखवू शकतो. कोणी कोणावर क्रिया केली, हे तो सांगत नाही.

दुसरा पुरावा त्याच यादीत होता. ‘दोन किंवा अधिक राज्ये यांच्यातील वाद’ असा आणखी एक वर्ग तेथे आहे. दोन राज्यांचा वाद न्यायालयात आला तर त्यांपैकी एक प्रतिवादी असणारच. म्हणजे राज्य प्रतिवादी होऊच शकत नाही, हे गृहीतक त्याच परिच्छेदात मोडते. एकच शब्द एका ओळीत एका अर्थाने आणि लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्या, आकुंचित अर्थाने वापरला आहे, असे मानायला आधार हवा. मुख्य न्यायमूर्ती जॉन जे आणि न्यायमूर्ती विल्यम कुशिंग यांनी या तुलनेवर भर दिला. मजकुराचा अर्थ मजकुराच्याच अंतर्गत रचनेतून लावण्याची ही पद्धत आहे.

न्यायमूर्ती जेम्स आयर्डेल यांचे मत वेगळे पडले. पाचांपैकी तेच एकटे विरोधात होते. विद्यार्थी बहुधा त्यांच्याकडे हरलेल्या पक्षाचे न्यायमूर्ती म्हणून पाहतात आणि पुढे जातात. तसे करू नये, कारण भाषाविचाराच्या दृष्टीने त्यांची भूमिकाही तितकीच मोलाची आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : घटनेने अधिकाराचा वर्ग सांगितला, पण तो अधिकार कसा चालवायचा, हे कायदेमंडळाने सांगावे लागते. १७८९ च्या न्यायसंस्थाविषयक कायद्याने न्यायालयांना प्रस्थापित विधितत्त्वे व रूढी यांना अनुसरून आदेश काढण्याचे अधिकार दिले. त्या रूढी कोणत्या? इंग्लंडच्या सामान्य विधीतल्या. तेथे राजाकडून पैसे हवे असतील तर प्रजाजन त्याच्याकडे अर्ज करी, म्हणजे विनंती करी. राजाला हजर राहण्याचा हुकूम काढण्याची पद्धत नव्हती. म्हणून राज्याविरुद्ध पैशाच्या वसुलीचा दावा न्यायालयाला ऐकता येत नाही.

याचा भाषिक आशय असा की, शब्दाचा अर्थ कोशात किंवा वाक्यरचनेत संपत नाही. तो वापरणाऱ्या समाजाच्या रूढीत राहतो. ‘दावा’ या शब्दाबरोबर दावा कोणावर लावता येतो याविषयीचे अलिखित ज्ञानही येते. ब्लेअर वाक्य वाचत होते. आयर्डेल ते वाक्य ज्या जगात लिहिले गेले ते जग वाचत होते. मला स्वतःला ब्लेअर यांचे म्हणणे अधिक पटते. परंतु परीक्षेत आयर्डेल यांची बाजू घेऊन उत्तम उत्तर लिहिता येईल, याची खात्री बाळगावी.

लेखकाच्या हेतूविषयीही येथे एक गमतीची वस्तुस्थिती आहे. घटनेचा मसुदा ज्या पाच जणांच्या समितीने तयार केला, तिच्यात रँडॉल्फ होते आणि आता न्यायासनावर बसलेले जेम्स विल्सनही होते. म्हणजे वाक्य लिहिणारांपैकी दोघे त्याच दालनात, एक वकिलाच्या जागी आणि एक न्यायाधीशाच्या. दोघांनीही अर्थ एकच लावला. तरीही प्रश्न मिटला नाही, कारण घटना मान्य करणाऱ्या राज्यांना १७८८ मध्ये वेगळे सांगितले गेले होते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी वृत्तपत्री लेखमालेत लिहिले होते की, राज्याला त्याच्या संमतीविना कोणी व्यक्ती न्यायालयात खेचू शकणार नाही. व्हर्जिनियाच्या अधिवेशनात जेम्स मॅडिसन आणि जॉन मार्शल यांनी तसेच आश्वासन दिले. घटनेला विरोध करणारे जॉर्ज मेसन आणि पॅट्रिक हेन्री यांनी मात्र शब्दांवर बोट ठेवून विचारले होते की, मजकूर तर तसे म्हणत नाही. आता हेतू कोणाचा धरायचा? मसुदा लिहिणाऱ्यांचा, समजावून सांगणाऱ्यांचा की मत देणाऱ्यांचा? ‘लेखकाचा हेतू’ ही संकल्पना आपण कवितेच्या संदर्भात तपासली होती. सामूहिक लेखनात ती किती निसरडी होते, हे येथे दिसते.

५.४ ‘सार्वभौम’ आणि ‘राज्य’

१८ फेब्रुवारी १७९३ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने जॉर्जियाविरुद्धचा दावा ग्राह्य ठरवला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे प्रत्येक न्यायमूर्तींनी आपले मत स्वतंत्रपणे वाचले. त्यांत विल्सन यांचे मतपत्र भाषेच्या अभ्यासकाने अवश्य अभ्यासावे असे आहे.

विल्सन हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि तेथील तत्त्वज्ञान शिकलेले. त्यांनी प्रारंभीच शब्दांची चिकित्सा हाती घेतली. जॉर्जिया स्वतःला ‘सार्वभौम’ म्हणवते. पण अमेरिकेच्या घटनेला हा शब्द माहीतच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. संपूर्ण मजकुरात तो एकदाही येत नाही. आणि यायचाच असता, तर तो कोणासाठी आला असता? ज्या लोकांनी घटना निर्माण केली त्यांच्यासाठी. राज्य म्हणजे काय, याचीही त्यांनी व्याख्या केली : आपले जे आहे ते शांतपणे भोगावे आणि इतरांना न्याय द्यावा, यासाठी एकत्र आलेल्या स्वतंत्र माणसांचा समूह. तो एक कृत्रिम व्यक्ती आहे. एकटा माणूस करार केल्यावर बांधला जातो, तर अशा माणसांचा समूह का बांधला जाऊ नये? राज्य व्यापाऱ्याप्रमाणे करार करते आणि अप्रामाणिक व्यापाऱ्याप्रमाणे तो नाकारते. मग न्यायालयापुढे आल्यावर ते व्यापाऱ्याहून वेगळे कसे, असा त्यांचा रोख होता.

मेजवानीच्या वेळी लोक ‘संयुक्त संस्थानां’च्या नावाने पेला उंचावतात, ‘संयुक्त संस्थानांच्या लोकां’च्या नावाने नव्हे, अशी तक्रारही त्यांनी निकालपत्रात केली. हे ‘राजकीयदृष्ट्या अचूक’ नाही, असे त्यांनी म्हटले. आज या शब्दसंहतीचा अर्थ पार बदलला आहे. तिचा हा अगदी जुन्या वापरांपैकी एक मानला जातो. अर्थपरिवर्तनाच्या घटकात या उदाहरणाचा उपयोग करता येईल.

मराठी शब्दांकडेही पाहू. इंग्रजीतील शब्द लॅटिनमधील ‘वर’ या अर्थाच्या शब्दापासून आला. त्यात उंचीची कल्पना आहे. आपला ‘सार्वभौम’ शब्द ‘सर्वभूमि’पासून सिद्ध झाला, त्यात विस्ताराची कल्पना आहे. दोन्हींच्या मुळाशी राजा आहे, पण एक उंचावर बसलेला आणि दुसरा पृथ्वीभर पसरलेला. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘सार्वभौम’ हा शब्द आहे. मात्र वाक्याचा कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’ हा आहे. विल्सन यांना हवा असलेला क्रम तेथे आपोआप आला आहे.

‘संस्थान’ या शब्दाचे आणखी एक वैशिष्ट्य. ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ हा मराठी पर्याय अनेकवचनी आहे. इंग्रजीत आज हे नाव एकवचनी चालते. परंतु १७९३ मध्ये ते अनेकवचनी चालत असे. १८६५ च्या, गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतही त्यासाठी अनेकवचनी सर्वनाम आहे. जुने वचन मराठीने जपले. त्याचबरोबर ‘संस्थान’ म्हटले की आपल्याला कोल्हापूर, औंध, सावंतवाडी आठवतात, म्हणजे राजा आठवतो. आणि जॉर्जियाला नेमका तोच राजेपणा हवा होता.

मुख्य न्यायमूर्ती जे यांचा युक्तिवाद अधिक व्यावहारिक आहे. फिलाडेल्फिया शहरात चाळीस हजारांवर स्वतंत्र नागरिक आहेत; त्यांच्या नगरसंस्थेवर कोणीही दावा लावू शकतो. डेलावेअर राज्यात पन्नास हजारांवर आहेत. मग तेवढ्याने त्यांच्यावर दावा लावणे अपमानास्पद कसे होते?

५.५ दुरुस्तीची भाषा

निकालानंतर खळबळ उडाली. युद्धकाळातील देणी जवळजवळ प्रत्येक राज्याच्या डोक्यावर होती. आज जॉर्जिया, उद्या आपण, ही भीती होती. जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहाने तर असे विधेयक संमत केले की, या निकालाची अंमलबजावणी करू पाहणाऱ्याला फाशी द्यावी. ते कायदा झाले नाही. परंतु निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी संघाच्या प्रतिनिधिगृहात घटनादुरुस्तीचा ठराव मांडला गेला होता. १७९४ मध्ये सुधारित मसुदा वरिष्ठ सभागृहाने २३ विरुद्ध २ आणि कनिष्ठ सभागृहाने ८१ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. ७ फेब्रुवारी १७९५ पर्यंत आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली. हीच अकरावी घटनादुरुस्ती.

तिच्या एका वाक्यातील तीन शब्दयोजना पाहा. पहिली, तिने ‘यांच्यातील’ हा शब्द टाळून ‘विरुद्ध’ हा शब्द योजला : दुसऱ्या राज्याच्या वा परदेशाच्या नागरिकांनी एखाद्या राज्याविरुद्ध केलेला दावा. सममित शब्दाच्या जागी दिशा दाखवणारा शब्द आला. ब्लेअर यांचा मुद्दा मसुदाकारांनी नाकारला नाही; शब्दच बदलला. दुसरी, ‘आरंभिलेला किंवा चालवलेला’ दावा असे दोन क्रियावाचक शब्द योजून चालू खटलेही कक्षेत घेतले. तिसरी योजना सर्वांत चतुर आहे. न्यायालयाचा अधिकार अशा दाव्यांपर्यंत ‘पोचणार नाही’ असे तिने म्हटले नाही; तो तेथवर पोचतो असा ‘अर्थ लावला जाणार नाही’ असे म्हटले. पहिल्या रचनेत नियम बदलल्याची कबुली आली असती. दुसरीत जणू घटना प्रथमपासून बरोबरच होती, वाचणारे चुकले, असा ध्वनी आहे. व्यंजना केवळ काव्यात असते असे मानणाऱ्यांनी या क्रियापदाचा विचार करावा.

तरीही शब्दांनी पुन्हा हुलकावणी दिली. दुरुस्तीत ‘दुसऱ्या’ राज्याच्या नागरिकांचा उल्लेख आहे. स्वतःच्या राज्यावर दावा लावणाऱ्याचा नाही. लुईझियानाच्या एका नागरिकाने आपल्याच राज्यावर रोख्यांच्या व्याजासाठी दावा लावला, तेव्हा १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही फेटाळला. मजकुरात नसलेली गोष्ट न्यायालयाने मजकुरामागील गृहीतकात वाचली. शंभर वर्षांनी आयर्डेल यांची पद्धत जिंकली, असे म्हणता येईल.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३०० या पार्श्वभूमीवर वाचावा. भारत सरकारला ‘भारतीय संघराज्य’ या नावाने आणि राज्य शासनाला त्या राज्याच्या नावाने दावा लावता येईल किंवा त्यांच्यावर दावा लावता येईल, असे तेथे दोन्ही दिशांनी सांगितले आहे. येथे कर्तरी आणि कर्मणी या दोन्ही रचना आहेत, संदिग्धतेला जागा नाही. दाव्याचे नंतर काय होते, किती सूट मिळते, हे निराळे प्रश्न. परंतु दाराशी कोणाला उभे राहता येईल, हे व्याकरणाने स्पष्ट केले आहे. आपल्या जुन्या दस्तऐवजांतील ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही पदेही अशीच दिशादर्शक आहेत.

५.६ देण्याचे पुढे काय झाले?

न्यायालयाने १७९४ मध्ये जॉर्जियाच्या गैरहजेरीत चिझमच्या बाजूने हुकूमनामा दिला. नुकसानभरपाई ठरवण्यासाठी पंच बसायचे होते. ते बसले नाहीत. फार्क्वारच्या वारसांनी जॉर्जियाशी तडजोड केली आणि राज्याने रोख रकमेऐवजी प्रमाणपत्रे दिली. १७९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती प्रलंबित खटल्यांनाही लागू असल्याचे ठरवून असे उरलेले दावे काढून टाकले. फार्क्वारची ती लहान मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले. आणि त्या प्रमाणपत्रांपैकी काहींच्या पैशासाठी तिच्या नवऱ्याला पुढे कित्येक दशके जॉर्जियाच्या विधिमंडळाकडे खेटे घालावे लागले.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. सममित व असममित संबंध दर्शवणारे प्रत्येकी पाच मराठी शब्द सांगून ते वाक्यांत योजा.

२. ब्लेअर आणि आयर्डेल यांच्या अर्थनिर्णयाच्या पद्धतींतील भेद स्पष्ट करा. आपणास कोणती अधिक ग्राह्य वाटते, ते सकारण लिहा.

३. ‘अधिकार पोचणार नाही’ आणि ‘अधिकार पोचतो असा अर्थ लावला जाणार नाही’ या दोन रचनांतील अर्थच्छटा सांगा.

४. घरातील किंवा परिचितांकडील एखादे जुने खरेदीखत अथवा गहाणखत मिळवा. त्यातील पक्षवाचक पदे उतरवून घ्या आणि प्रत्येक पदातून व्यवहाराची दिशा कशी कळते, ते लिहा. संपर्कसत्राला येताना दस्ताची मूळ प्रत आणू नये. उतरवून घेतलेला मजकूर पुरे.